उशीर काहून झाला?

कोटसावंगीला शहर म्हणायचं म्हणजे शेळीला हत्तीण म्हणण्यातला प्रकार, पण फेऱ्या काढणाऱ्या स्वप्निलने जाहिरातीत बिनधास्त तेच छापलं होतं. 'तटबंदीतलं ऐतिहासिक शहर. जाणकारासोबत पायी फेरी. शेवटी गावरान जेवण.' तट आहे, त्यात खोटं नाही. चार वेशी होत्या, त्यातल्या दोन धड उभ्या आहेत, तिसरीच्या दगडांवर गावातली निम्मी घरं बांधली गेली, आणि चौथी नेमकी कुठे होती यावरून पारावरचे म्हातारे अजून एकमेकांची अक्कल काढतात. निजामाच्या अमदानीत इथे तांब्या-पितळेचा मोठा बाजार भरायचा म्हणे. आता वारंगा फाट्यावरून वळणाऱ्या गाड्या गावाकडे मान वळवूनही बघत नाहीत. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी हिंगोली-नांदेडची माणसं येतात, टोप्या चढवतात आणि जमीलभाईच्या मागेमागे गावभर हिंडतात.

जमीलभाई कलईवाला. घरोघरची पितळेची भांडी गेली, स्टील आलं, तसा कलईचा धंदा बसला आणि या माणसाने भात्याऐवजी जीभ चालवायला घेतली. जीभ मूळचीच तल्लख. पडक्या बुरुजासमोर उभं राहून तो असा काही बोलायचा, की ऐकणाऱ्याला बुरूज परत बांधल्यासारखा दिसायचा. त्यातलं खरं किती आणि जमीलचं किती, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

तर त्या रविवारी सकाळी जमील ओट्यावर बसून बूट घालत होता आणि आत त्याची लेक आलिया बॅग भरत होती. दुपारी तिचा नवरा साजीद वसमतहून जीप घेऊन तिला न्यायला येणार होता. आईचा चाळिसावा दिवस आदल्या दिवशी झाला होता. आईच्या मातीनंतरच्या तिसऱ्या दिवसापासून आलिया बापाशी एक शब्द बोलली नव्हती. एकाच घरात राहायची, दोन वेळा त्याला रांधून घालायची, पण बोलायची ती शेजारच्या पंचफुलाबाईच्या तोंडून.

"पंचफुलामावशी, त्याहिला सांगा, भाकर झाकून ठेवली."

पंचफुलाबाई मधल्या भिंतीपलीकडे शेळ्यांना पाला टाकत होती. तिने हातातली फांदी खाली ठेवली आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या जमीलला मोठ्याने सांगितलं, "जमीलभाऊ, भाकर झाकून ठेवली म्हणे." मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "अन् बाई, तू आज गेल्यावर ह्याहिला कोण सांगन? मी रोज टपाल वाटायला मोकळी न्हाई."

आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

आलिया अशीच न बोलता गेली, तर पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही हे जमीलला ठाऊक होतं. ती आईच्या वळणावर गेलेली पोरगी. एकदा मनातून उतरवलं की उतरवलं. आई गेली की माहेर अर्धं जातं म्हणतात. उरलेलं अर्धं आज दुपारी जीपमध्ये बसून जाणार होतं, आणि ते थांबवणं एका जमीलच्याच हातात होतं. त्याला हे सगळं समजत होतं. फेरीत सांगायचे सनावळ्यांचे आकडे जसे समजतात, तसंच. पाठ होतं, पण त्यानं काही होत नव्हतं. एकदा हाक मारावी, लेकीचा हात धरावा, असं वाटायलाही काहीतरी लागतं आणि तेच जागेवर नव्हतं.

बायको, खुर्शीदबी, गेली तेव्हा तो रडला नाही. कबरीवर माती दिली, घरी आला, समोर आलेलं जेवला. लोक म्हणाले, बुढ्ढ्याला मोठं सब्र हाय. सब्र कसलं? पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं आख्खं अंग झालं होतं. चाळिसाव्याच्या जेवणाला कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच. तेही आलियाने पाहिलं आणि कांद्याची परात त्याच्या पुढून ओढून घेतली.

आलियाचा राग काय होता, ते सांगायचं तर दिंडीबद्दल सांगावं लागेल.

पूर्वेच्या वेशीला दोन मोठे दरवाजे आहेत, खिळे मारलेले, हत्तीने धडक दिली तरी हलू नयेत असे. ते आता जमिनीत रुतून कायमचे बंद झालेत. त्यातल्या एकाच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार आहे. त्याला गावात दिंडी म्हणतात. पूर्वी दिवेलागणीला वेस बंद झाली, की उशिरा आलेल्याला या दिंडीतूनच आत यावं लागे. पण पहारेकरी कोणाच्या सांगण्यावर कडी काढत नसे. अंधारात तोंड दिसत नाही, चोर कोण आणि गावकरी कोण कळत नाही. म्हणून बाहेरच्याने आपल्या घरच्या माणसाच्या नावाने हाक मारायची. घरच्या माणसाने दिंडीच्या आत येऊन विचारायचं, "उशीर काहून झाला?" बाहेरच्याने काय ते कारण सांगायचं. खरं सांग, खोटं सांग, पण बोल, कारण ओळखायचा होता तो आवाज. आवाज ओळखला, की घरच्या माणसाने पहारेकऱ्याला सांगायचं, "आमचाच हाय, येऊ द्या." मग कडी निघायची. कोणीच आलं नाही, तर रात्र बाहेरच्या कट्ट्यावर कुत्र्यांच्या संगतीत काढायची. यामुळे कोटसावंगीची माणसं बहाणे सांगण्यात एवढी तयार झाली, की आजही पंचक्रोशीत कोणी उशिरा आला आणि लांबलचक कारण सांगायला लागला, की लोक विचारतात, सावंगीचा हायेस का बाबा?

जमीलचं घर दिंडीच्या आत, पहिलंच. फेरीचा शेवट तो याच खेळाने करायचा. पाहुण्यांना आत पाठवायचा, त्यातल्या एकाला पहारेकरी करायचा, कडी लावायला सांगायचा आणि स्वतः बाहेर राहून हाक मारायचा, "खुर्शीद! अगं ए खुर्शीद!" खुर्शीदबी पाहुण्यांसमोर यायची नाही. घराच्या दारातून, पदराआडून, फक्त आवाज द्यायची. "उशीर काहून झाला?" मग जमील सुरू व्हायचा. बैल बसला, बाभळीखाली भूत भेटलं, पाटलाच्या म्हशीने टोपी खाल्ली. पाहुणे पोट धरून हसायचे. सकाळी दोघांचं भांडण झालेलं असेल, तर खुर्शीदबी मुद्दाम पुन्हा विचारायची, खरं कारण सांगा म्हणायची, आणि जमीलला नवा बहाणा शोधावा लागायचा. शेवटी आवाज यायचा, "आमचाच हाय, येऊ द्या." त्या एका वाक्यासाठी जमील आख्खी फेरी चालायचा, असं म्हटलं तरी चालेल.

दीड महिन्यामागच्या फेरीत त्याने हाक मारली आणि आवाज आला नाही. पुन्हा मारली. आला नाही. पाहुणे कुजबुजले. जमीलने बाहेरून आरोळी दिली, "बायको रुसली वाटतं! आज आपली रात्र कुत्र्यांसंगं!" लोक हसले. त्याला चेव आला. त्याने बाहेर उभं राहून रुसलेल्या बायकोची मनधरणी सुरू केली. बांगड्या देतो म्हणाला, वारंग्याची खिचडी खाऊ घालतो म्हणाला, हैदराबाद दाखवतो म्हणाला. हशावर हशा. तिकडे घरात चुलीपुढे खुर्शीदबी आडवी पडली होती. डॉक्टर म्हणाले, जीव कधीच गेला असणार, तुम्ही पाच मिनिटं आधी आत गेला असतात तरी उपयोग नव्हता. पण पाहुण्यांपैकी कोणीतरी तो सगळा प्रकार मोबाईलवर घेतला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याने तो 'झकास गाईड' म्हणून टाकून दिला. माती होऊन तिसरा दिवस उजाडला आणि तो फिरत फिरत आलियाच्या मोबाईलवर आला. आई आत मरून पडलेली, बाप दाराबाहेर बांगड्यांचे विनोद करतोय, आणि लोक टाळ्या देतायत. आलियाने तो एकदा पाहिला आणि मग ती बापाशी बोलायची थांबली.

स्वप्निलला हे माहीत होतं. चार दिवसांपूर्वी त्याचा फोन आला, तेव्हा तो चाचरतच बोलला. "काका, जमणार का? न्हाई तर मी रद्द करतो. अन् केलीच फेरी, तर दिंडीचं ऱ्हाऊ द्या. बाजारगल्लीतूनच परत फिरू."

"हव," जमील म्हणाला होता. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

पाहुणे आले. पंधरा-वीस जण असतील. त्यात हिंगोलीचे एक निवृत्त मास्तर होते, नेमसिंग गुरुजी, दाट मिशांचे, प्रत्येक दगडापुढे उभे राहून "वा!" म्हणणारे. जमील पुढे चालायला लागला आणि तोंड आपोआप सुरू झालं. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा, तसं त्याचं बोलणं त्यालाच ऐकू येत होतं. हा बुरूज, इथे तोफ होती, तोफेचं तोंड गावाकडे का होतं तर पाटलाची सासू गावात राहायची. लोक हसले. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे टोपी काढून डोकं खाजवायचं, सगळं बरोबर होत होतं. बारवेच्या पायऱ्यांवर एका बाईंनी विचारलं, "काका, तुम्हाला कंटाळा नाही का येत तेच तेच सांगायचा?" जमील म्हणाला, "बाई, ऐकनारं नवं असलं की सांगनारा बी नवा व्हतो." हे उत्तरही जुनंच होतं.

बाजारगल्लीच्या तोंडाशी स्वप्निलला जेवण बनवणाऱ्याचा फोन आला. वांगी कमी पडत होती. तो "काका, इथूनच फिरा हां," असं हाताने खुणावत मारुतीच्या देवळाकडे पळाला.

पुढचं जमीलने ठरवून केलं नाही. त्याचे पाय वर्षानुवर्षं बाजारगल्ली संपली की डावीकडे वळत आले होते, ते डावीकडे वळले. पाहुणे मागे. तटाच्या फुटक्या भागातून बाहेर, खंदकाच्या कडेने, पुढे वेस. तोंड सांगत होतं की पूर्वी दिवेलागणीला वेस बंद व्हायची, अंधारात तोंड दिसत नाही, चोर कोण आणि गावकरी कोण. पाहुणे एकेक करून वाकून आत गेले. नेमसिंग गुरुजी पहारेकरी झाले. मिशांमुळे ते झालेच असते. दिंडी लागली. आतून कडी सरकली. जमीलने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"खुर्शीद! अगं ए खुर्शीद!"

हाक बाहेर पडली आणि मग त्याला कळलं.

समोर दार होतं. हिवाळी उन्हात त्यावरचे खिळे चमकत होते. आत अगदी शांत झालं. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. मागच्या खेपेला हीच होती, आणि त्याने ती विनोदाने भरून काढली होती. आता त्याला काही सुचत नव्हतं आणि पळावंसंही वाटत नव्हतं. तो नुसता उभा राहिला.

आतून एका पाहुण्याचा मजेतला आवाज आला, "काका, बायको रुसली वाटतं!" त्याने तो व्हिडिओ पाहिला असावा. दोघे-तिघे हसले. बांगड्या देतो म्हणा, असंही कोणी बोललं.

मग चपलांचा आवाज आला. घराच्या ओट्यावरून खाली, दगडी फरशीवरून, दिंडीपर्यंत. पाहुणे बाजूला झाल्याची सळसळ झाली. दाराच्या अगदी आत कोणीतरी येऊन थांबलं.

"उशीर काहून झाला?"

आवाज खुर्शीदचा होता. तसाच थोडा नाकातला, शेवटचा शब्द ओढणारा. एक क्षणभरच. मग त्याला समजलं, की ही आलिया आहे. लेक त्याच्याशी बोलली होती. एवढ्या दिवसांनी, बंद दाराआडून, लोकांसमोर, पण ती बोलली होती आणि पंचफुलाबाईमार्फत नव्हे. आता जे बोलायचं ते बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलं.

"बैल बसला व्हता, बाई! बाभळीखाली बसला तो उठंचना."

तोंडाने दगा दिला. सवय जिभेवर बसली होती, तीच बोलली. आत हशा पिकला. नेमसिंग गुरुजी "वा!" म्हणाले. जमीलने दोन्ही हात दारावर टेकले. आता ती जाईल, चपला पुन्हा ओट्याकडे वाजतील आणि दुपारी जीप येईल, हे त्याला उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं.

चपला वाजल्या नाहीत. हसू विरलं, तसा आवाज पुन्हा आला, आता खालच्या सुरात, फक्त त्याच्यासाठी. "खरं सांगा. उशीर काहून झाला?"

दिंडीवरचं बोलणं मराठीत व्हायचं, पहारेकरी मराठी होते म्हणून. जमीलच्या घरातली बोली वेगळी होती, आणि या वेळी त्याच्या तोंडून तीच आली. "मेरेकू मालूम नै, बेटा. मैं तो इधरिच खडा था. लोग हँस रे थे. मेरेकू अच्छा लग रा था."

त्याने तोंड दाराच्या फटीजवळ नेलं.

"तेरी अम्मी अंदर पडी थी, और मेरेकू अच्छा लग रा था," तो म्हणाला. "उस दिन से कुच्छ बी नै लगता. रोना बी नै आता. तू जा री, वो बी नै लगता. मैं क्या करूँ, तूच बोल."

त्याला यापुढे काही सांगायचं नव्हतं. त्याने कपाळ दाराला टेकवलं. लाकूड तापलेलं होतं, एवढं त्याला जाणवलं. आत पाहुण्यांना अर्धं समजलं होतं, अर्धं नव्हतं, पण हसायचं नाही एवढं सगळ्यांना समजलं होतं. कोणी मोबाईल धरला असेल, तर त्याने तो खाली घेतला की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

शेवटी नेमसिंग गुरुजींचा आवाज आला. माणूस घाबरला होता, पण दिलेलं काम सोडायला तयार नव्हता. "बाई, मी आता काय करू? काढू का कडी?"

"थांबा," आलिया म्हणाली.

जमील थांबला. कट्ट्यावर बसायला पाय मागे घ्यावेत का, एवढा विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"आमचाच हाय," आलिया म्हणाली. मधेच तिचा आवाज फाटला, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. "आमचाच हाय. येऊ द्या."

कडी सरकली. जमील वाकून आत आला. पाहुणे भिंतीला चिकटून उभे होते आणि जो तो दुसरीकडेच बघत होता. आलिया दिंडीच्या बाजूला खाली बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून, आणि रडत होती. हुंदके देत, श्वास अडकवत, लहानपणी रडायची तशी. लहानपणी ती अशी रडायला लागली, की जमीलला काही जमायचं नाही. तिला गप्प कसं करायचं, हे त्या घरात एकट्या खुर्शीदला यायचं.

पोरगी रडून राहिली, बघ जरा, असं सांगायला तो घराकडे वळला. दार उघडं होतं. चूल दिसत होती. तिथे कोणी नव्हतं. तो बघत राहिला, आणि मग लेकीशेजारी खाली फरशीवर बसून, पाहुण्यांदेखत, मोठमोठ्याने रडायला लागला.